महाकायांच्या खांद्यावरचा बुटका

ज्ञान पुढे कसे जाते, या प्रश्नाला इंग्रजीत एक तयार उत्तर आहे: ‘स्टँडिंग ऑन द शोल्डर्स ऑफ जायंट्स’, महाकायांच्या खांद्यावर उभे राहणे. आधीच्यांनी करून ठेवले म्हणून आम्हाला लांबचे दिसले, हा त्याचा रूढ अर्थ. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात, पुरस्कार स्वीकारतानाच्या भाषणात, ब्रिटनच्या दोन पौंडांच्या नाण्याच्या कडेवर आणि गूगल स्कॉलरच्या पहिल्या पानावर हा वाक्प्रचार भेटतो. तो आयझॅक न्यूटनचा आहे, असे बहुतेकांनी धरून चाललेले असते.

न्यूटनने तो 1676मध्ये एका पत्रात वापरला हे खरे. पण तोवर तो साडेपाचशे वर्षे जुना झाला होता आणि इंग्लंडात म्हणीसारखा वापरला जात होता. मूळ वाक्यात महाकाय होते, तसाच त्यांच्या खांद्यावर बसलेला एक बुटकाही होता. काळाच्या ओघात बुटका गळून पडला आणि महाकाय तेवढे उरले. हा बदल मला मोठा वाटतो. या वाक्प्रचाराचे नम्रतेपासून घोषवाक्यापर्यंत काय झाले, ते या एका गळतीत सापडते. म्हणून त्याचा उगम, त्यावर झालेले वाद आणि आज अभ्यासक त्याच्याबद्दल काय म्हणतात, याचा हा आढावा.

शार्त्रची शाळा

पॅरिसच्या नैऋत्येला सुमारे 90 किलोमीटरवर शार्त्र नावाचे गाव आहे. 12व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कॅथीड्रलच्या शाळेत बर्नार्ड नावाचे शिक्षक व्याकरण आणि साहित्य शिकवत. आपण महाकायांच्या खांद्यावर बसलेल्या बुटक्यांसारखे आहोत, हे बोल त्यांचे. त्यांच्या स्वतःच्या हातचे हे वाक्य आपल्यापर्यंत आलेले नाही. ते आपल्याला कळते ते जॉन ऑफ सॉल्झबरी या इंग्रज विद्वानाच्या ‘मेटालॉजिकॉन’ या 1159च्या लॅटिन ग्रंथातून. जॉन बर्नार्डचा थेट विद्यार्थी नव्हता. तो 1136मध्ये शिकायला फ्रान्सला गेला आणि बर्नार्डच्या शिष्यांकडून त्याने हे ऐकले.

जॉन सांगतो त्याचा आशय असा: आपल्याला पूर्वजांपेक्षा जास्त आणि लांबचे दिसू शकते. आपली नजर अधिक तीक्ष्ण आहे किंवा आपला देह उंच आहे, हे त्याचे कारण नव्हे. त्यांच्या अवाढव्य उंचीने आपल्याला वर उचलून धरले आहे, हे कारण. वाक्य दोन्ही गोष्टी एका दमात सांगते. आपण पुढचे पाहतो, ही प्रगतीची कबुली. आपण लहान आहोत, ही स्वतःबद्दलची कबुली. यातली एक काढली की दुसरी खोटी पडते.

हे वाक्य कोणत्या पुस्तकात आले, यालाही महत्त्व आहे. ‘मेटालॉजिकॉन’ हा शिक्षणाच्या बचावासाठी लिहिलेला ग्रंथ. बोलण्याची हातोटी जन्मजात असते, मग व्याकरण आणि तर्कशास्त्र घोकण्यात वर्षे का घालवायची, असे म्हणणारा एक गट तेव्हा जोरात होता. जॉन त्याला ‘कॉर्निफिशियस’ या टोपणनावाने झोडपतो. झटपट विद्या मिळवून देण्याची भाषा करणाऱ्यांना उत्तर देताना त्याने बर्नार्डची आठवण काढली. खांद्यावर बसायला मिळते, पण त्यासाठी आधी जुने ग्रंथ ओळ न् ओळ वाचावे लागतात, ही त्यामागची भूमिका.

बर्नार्डच्या वर्गाचे वर्णनही जॉनने करून ठेवले आहे आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. काल ऐकलेल्यातले काही आज प्रत्येक विद्यार्थ्याला म्हणून दाखवावे लागे, म्हणजे आजचा दिवस कालच्याचा शिष्य होई. जुन्या कवींच्या धर्तीवर रोज गद्य-पद्य लिहावे लागे. एखाद्याने दुसऱ्याच्या लेखनातला तुकडा उचलून आपल्या लेखनाला ठिगळासारखा जोडला, तर बर्नार्ड ती चोरी उघड करून दाखवत. मात्र शिक्षा करण्याचे बहुधा टाळत. तुकडा विजोड बसला असेल, तर ते त्या मुलाला पूर्वसूरींचे अनुकरण खरोखर कसे करायचे ते ममतेने समजावत. आज तू ज्यांचे अनुकरण करतोस त्यांच्यासारखा हो, म्हणजे उद्याचे लोक तुझे अनुकरण करतील, असा त्यांचा आग्रह असे. उचलेगिरी आणि परंपरेचा आधार यांतला फरक या शिक्षकाला नेमका कळला होता. म्हणूनच खांद्यांचे वाक्य त्यांच्या तोंडी शोभते.

बर्नार्डचे शिष्य विल्यम ऑफ काँश यांनी याच विचाराला आणखी धार दिली. प्रिस्कियन या रोमन व्याकरणकाराने म्हटले होते की व्याकरणात जो जितका अलीकडचा, तितकी त्याची दृष्टी तीक्ष्ण. त्यावर विल्यम टीप देतात: आधुनिकांना अधिक दिसते हे बरोबर, पण ते अधिक शहाणे आहेत असे नाही. आपल्यासमोर पूर्वजांचे सगळे लेखन आहे, त्यात नव्याने सापडलेल्याची भर आहे, म्हणून आपल्याला जास्त दिसते. माहिती वाढली म्हणजे शहाणपण वाढले असे नाही, हा भेद त्यांनी 12व्या शतकात केला होता.

काचेवरचे चित्र

शार्त्रचे जुने कॅथीड्रल 1194च्या आगीत जळाले आणि पुन्हा उभे राहिले. नव्या इमारतीत दक्षिणेच्या बाजूला गोल गवाक्षाखाली उभ्या रंगीत काचांच्या पाच उंच खिडक्या आहेत. त्या 13व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. मधल्या खिडकीत बाळाला घेतलेली मेरी. बाजूच्या चार खिडक्यांत जुन्या करारातले चार संदेष्टे उभे आहेत आणि प्रत्येकाच्या खांद्यावर नव्या करारातला एकेक शुभवर्तमानकार बसला आहे. यशयाच्या खांद्यावर मत्तय, यिर्मयाच्या खांद्यावर लूक, यहेज्केलच्या खांद्यावर योहान आणि दानीएलच्या खांद्यावर मार्क. वर बसलेल्यांचे आकार खालच्यांहून लहान आहेत आणि त्यांनी खाली पडू नये म्हणून आधार धरला आहे. बर्नार्डच्या वाक्यावरूनच हे चित्र सुचले का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण चित्रात एक गोष्ट अगदी स्पष्ट आहे: खालच्या प्रत्येक माणसाला नाव आहे आणि वरच्यालाही. नाव नसलेला खांदा तिथे एकही नाही.

या प्रतिमेची एक दूरची नातलग ग्रीक पुराणात आहे. आंधळा झालेला महाकाय ओरायन केडॅलियन नावाच्या सेवकाला खांद्यावर घेतो आणि त्याच्या सांगण्यावरून सूर्याकडे चालत जातो. निकोला पूसँ या फ्रेंच चित्रकाराने 1658मध्ये तो प्रसंग रंगवला. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. या कथेत महाकायालाही खांद्यावरच्याची गरज आहे, ही बर्नार्डच्या वाक्यात नसलेली बाजू.

बुटके कोण, महाकाय कोण?

युरोपात प्रबोधनकाळ आला तसा या वाक्याला विरोध सुरू झाला. स्पेनचे मानवतावादी विचारवंत हुआन लुईस व्हिव्हेस यांनी 1531मध्ये ही उपमाच खोटी आणि निरर्थक ठरवली. आपण बुटके नाही आणि ते महाकाय नव्हते, सगळ्यांची उंची सारखीच, असे त्यांचे म्हणणे. अट एकच: आपल्याकडे अभ्यास, सावधपणा आणि सत्याची ओढ त्यांच्याइतकीच हवी. पूर्वजांपुढे कायम मान खाली घालणाऱ्या विद्यापीठांना हा टोला होता.

नंतर फ्रान्सिस बेकनने 1620च्या ‘नोव्हम ऑर्गानम’मध्ये ‘प्राचीन’ या शब्दाचा रोखच उलटवला. ज्यांना आपण प्राचीन म्हणतो ते जगाच्या तारुण्यात जगले. जग खऱ्या अर्थाने वयस्क झाले ते आपल्या काळात. पास्कालनेही पोकळीवरच्या आपल्या लेखनाच्या प्रस्तावनेत असाच विचार मांडला. सारी मानवजात म्हणजे सतत जगणारा आणि सतत शिकणारा एकच माणूस, आणि प्राचीन लोक म्हणजे त्याचे बालपण. इथे महाकायाची जागा बालकाने घेतली. पुढे ‘प्राचीन विरुद्ध आधुनिक’ हा मोठा वाद फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये गाजला आणि दोन्ही पक्षांनी खांद्यावरच्या बुटक्याला साक्षीला बोलावले. प्राचीनांचे पाठीराखे म्हणत, बघा, बुटके. आधुनिकांचे पाठीराखे म्हणत, बघा, त्यांनाच लांबचे दिसते. बर्नार्डने एकत्र बांधलेल्या दोन कबुल्या इथे सुट्या झाल्या.

दरम्यान इंग्लंडमध्ये ते वाक्य लोकांच्या तोंडी रुळले होते. कवी जॉर्ज हर्बर्ट यांनी जमवलेल्या म्हणींचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर 1640मध्ये छापला गेला. त्यात महाकायाच्या खांद्यावरचा बुटका दोघांत जास्त लांबचे पाहतो, अशा अर्थाची म्हण आहे. न्यूटनचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. कानावर पडलेली म्हण त्याने पत्रात वापरली, यापलीकडे काही गूढ शोधण्याची गरज नाही.

न्यूटनचे पत्र

तरीही ते पत्र नीट वाचायला हवे. रॉबर्ट हूक हे रॉयल सोसायटीचे प्रयोगप्रमुख. त्यांच्या 1665च्या ‘मायक्रोग्राफिया’त अभ्रकाचे पापुद्रे आणि साबणाचे फुगे यांच्यासारख्या पातळ थरांवर दिसणाऱ्या रंगांचा अभ्यास होता. न्यूटनने 1672मध्ये प्रकाश आणि रंग यांवरचा निबंध सोसायटीकडे पाठवला, तेव्हा हूकनी त्यावर कडक टीका केली. 1675च्या डिसेंबरात न्यूटनचे पुढचे लेखन वाचले गेले, तेव्हा यातले बरेच आपल्या पुस्तकात आहे, असे हूकनी म्हटले. मग 20 जानेवारी 1676ला हूकनी न्यूटनला थेट पत्र लिहिले. चारचौघांत भांडण्यापेक्षा आपण खासगीत विचारविनिमय करू, असा त्याचा सूर होता. न्यूटनने 5 फेब्रुवारीला उत्तर दिले.

उत्तरात क्रम असा आहे: देकार्तने केले ते चांगले पाऊल होते, तुम्ही त्यात अनेक अंगांनी भर घातली, विशेषतः पातळ थरांच्या रंगांचा विचार करून, आणि मला जर अधिक लांबचे दिसले असेल, तर ते महाकायांच्या खांद्यावर उभे राहिल्यामुळे. वाक्याला ‘जर’ आहे. आधी दोन नावे आहेत आणि त्यांनी नेमके काय केले तेही आहे. नाही तो फक्त बुटका. न्यूटन स्वतःला लहान म्हणत नाही. तो केवळ उभा आहे आणि पाहतो आहे.

हूक अंगाने वाकलेले होते, म्हणून ‘महाकाय’ हा शब्द न्यूटनने त्यांना खिजवण्यासाठी योजला, असे पुष्कळदा लिहिले जाते. हूक थोडे वाकलेले असल्याचे त्यांचे समकालीन जॉन ऑब्री यांनी नोंदवले आहे. पण टोमण्याचा पुरावा पत्रात नाही. दोघेही त्या घडीला समेटाच्या भाषेत बोलत होते आणि म्हण सर्वांच्या परिचयाची होती. त्यांच्यातले खरे वैर दहा वर्षांनी पेटले. 1686मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या व्यस्त वर्ग नियमावर हूकनी हक्क सांगितला, तेव्हा संतापलेल्या न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’च्या हस्तलिखितातून कित्येक ठिकाणचे हूकचे उल्लेख काढून टाकले. ‘ऑप्टिक्स’ हे पुस्तक त्याने 1704मध्ये, हूकच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, प्रसिद्ध केले. खासगी पत्रात नाव घेऊन मान्य केलेला खांदा छापील ग्रंथात पुसट झाला. या वाक्प्रचाराचा सर्वांत प्रसिद्ध वापर करणाऱ्या माणसाची ही हकिगत त्याच्या वाक्यासोबत सांगितली गेली पाहिजे.

अभ्यासकांच्या हाती

20व्या शतकात हे वाक्य स्वतःच संशोधनाचा विषय झाले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1965मध्ये ‘ऑन द शोल्डर्स ऑफ जायंट्स’ हे अख्खे पुस्तक त्याचा माग काढण्यासाठी लिहिले. न्यूटनपासून मागे जात बर्नार्डपर्यंतच्या वाटा, आडवाटा, चुकीची श्रेये त्यांनी उलगडली. त्यांनीच 1968मध्ये ‘मॅथ्यू इफेक्ट’ ही संकल्पना मांडली: दोन माणसांनी सारखेच काम केले, तर श्रेय आधीच नामवंत असलेल्याकडे वळते. महाकाय अधिक महाकाय दिसू लागतात ते असे. त्या निबंधाला मोठा आधार होता तो हॅरिएट झुकरमन यांनी नोबेलविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींचा. निबंधावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे. तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे लेखी मान्य केले. श्रेयाचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्यालाही पायाखालचा खांदा उशिरा दिसला, यातून प्रश्नाची खोली कळते.

दुसरा प्रश्न असा: विज्ञान खरोखर थोड्या महाकायांच्या खांद्यावर उभे आहे का? स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा इ गासेत यांनी ‘द रिव्होल्ट ऑफ द मासेस’मध्ये म्हटले होते की प्रायोगिक विज्ञान पुष्कळसे साधारण कुवतीच्या माणसांच्या कामावर पुढे गेले. जोनाथन आणि स्टीफन कोल या भावांनी 1972मध्ये भौतिकशास्त्रातल्या संदर्भांवरून हे तपासले. त्यांना दिसले की निबंधांत संदर्भ दिले जातात ते बहुतांशी थोड्याच शास्त्रज्ञांच्या कामाचे. ओर्तेगांचे म्हणणे त्यामुळे डळमळले. पण संदर्भ मोजणे म्हणजे आधार मोजणे नव्हे, हा आक्षेप मला पटतो. उपकरण बनवणारा, नमुने गोळा करणारी, आकडेमोड करणारी माणसे संदर्भसूचीत येतच नाहीत.

अर्थशास्त्रज्ञांनी या वाक्प्रचाराला आणखी तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला, खांद्याचे भाडे किती? सुझॅन स्कॉचमर यांनी 1991मध्ये पेटंट कायद्यावरच्या निबंधाच्या शीर्षकात हाच वाक्प्रचार वापरला. नवा शोध जुन्या शोधावर उभा असतो. पहिल्याला भरपूर हक्क दिला तर दुसरा पुढे येत नाही, आणि थोडाच दिला तर पहिला कष्ट घेत नाही. ही अडचण त्यांनी नेमकेपणाने मांडली. दुसरा, चढायला किती वेळ लागतो? बेंजामिन जोन्स यांनी 2009च्या निबंधात दाखवले की ज्ञानाचा साठा वाढत जातो तसा खांद्यापर्यंतचा चढही वाढतो. संशोधकांचा पहिला शोध अधिक वयात लागू लागतो, त्यांचे विषय अरुंद होतात आणि संघ मोठे होतात. तिसरा, महाकाय वाट अडवतात का? पिएर अझूले आणि सहकाऱ्यांनी 2019मध्ये अकाली निधन पावलेल्या 452 नामवंत जीवशास्त्रज्ञांच्या क्षेत्रांचा मागोवा घेतला. निधनानंतर त्यांच्या सहकाऱ्यांचे लेखन घटले, आणि आजवर त्या क्षेत्राबाहेर असलेल्यांचे वाढले. त्यातले काही निबंध फार गाजले. म्हणजे मोठा माणूस आधार देतो, तसा कधी इतरांच्या वाटेत उभाही राहतो.

नाण्याच्या कडेवर

सार्वजनिक जीवनात मात्र वाक्प्रचार उलट दिशेने, सोपा होत गेला. ब्रिटनने 1998मध्ये चलनात आणलेल्या दोन पौंडांच्या नाण्याच्या कडेवर तो कोरला. न्यूटन आयुष्याची अखेरची अनेक वर्षे टांकसाळीचा प्रमुख होता, तेव्हा निवड योग्यच. नाण्याच्या पृष्ठावर लोहयुगापासून इंटरनेटपर्यंतची तंत्रज्ञानाची वाटचाल एकात एक वर्तुळांनी दाखवली होती. पूर्वी व्यक्तीने पूर्वजांपुढे दिलेली कबुली इथे एका राष्ट्राच्या प्रगतीची मिरवणूक झाली. 2000मध्ये ओअॅसिस या बँडने आपल्या अल्बमचे नाव याच नाण्यावरून घेतले. 2004मध्ये सुरू झालेल्या गूगल स्कॉलरने ते आज्ञार्थी केले: महाकायांच्या खांद्यावर उभे राहा. शोधनिबंध कळ दाबताच समोर येतात, ही सोय मोठीच आहे आणि लहान गावातल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तिचा किती उपयोग होतो, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण यादी समोर येणे म्हणजे खांद्यावर चढणे नव्हे. जॉन ऑफ सॉल्झबरीचा कॉर्निफिशियसशी वाद होता तो याच मुद्द्यावर.

निष्कर्ष

इतका सारा आढावा घेतल्यावर माझे मत असे बनले आहे. हा वाक्प्रचार टाकून देण्याजोगा नाही. आधीच्यांपेक्षा आपण पुढे जाऊ शकतो, हा विश्वास आणि ते श्रेय एकट्याचे नाही, ही जाणीव एकत्र सांगणारे दुसरे एवढे नेटके वाक्य मला माहीत नाही. व्हिव्हेस यांचा आक्षेप मान्य करून महाकायांना माणसांच्या उंचीवर आणले तरी ही जाणीव टिकते. पण बुटक्याशिवाय ते अपुरे आहे, चढाईच्या कष्टांशिवाय ते फसवे आहे आणि नावांशिवाय ते पोकळ आहे. सगळ्यांचे आभार मानणारे मोघम वाक्य कुणाचेच आभार मानत नाही. उलट त्याच्या आडोशाला खरे ऋण लपवणे सोपे होते.

आपल्याकडे प्रबंधाच्या ऋणनिर्देशात हे वाक्य आता सर्रास येते. विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: ते जरूर लिहा, पण त्यानंतर खांदे कुणाचे ते लिहा. जिची माहिती वापरली ती आधीच्या तुकडीतली विद्यार्थिनी, जुना अंक शोधून देणारे ग्रंथपाल, उपकरण चालू ठेवणारे प्रयोगशाळा सहायक, ज्यांच्या अनुवादातून मूळ ग्रंथ कळला ते अनुवादक, या सगळ्यांची नावे घ्या आणि प्रत्येकाने नेमके काय दिले ते एका वाक्यात सांगा. न्यूटनने त्या पत्रात हूकबद्दल तेवढे केले होते. छापील पानावरही तेवढे करणे आपल्या हातात आहे.